मागण्यांचा कागद द्यायचा कोणाला?

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची त्याच्या घरी जाऊन शुश्रूषा करणे हे आज मुंबई-पुण्याबरोबर तालुक्याच्या गावांतही असंख्य बायकांचे पोट भरण्याचे साधन झाले आहे. त्यांना कोणी मावशी म्हणते, कोणी सिस्टर, कोणी नुसतेच ‘पेशंटची बाई’. ब्युरोच्या वहीत त्यांच्या नावापुढे ‘बारा तास’ किंवा ‘चोवीस तास’ एवढीच नोंद असते. लघवीची पिशवी रिकामी करणे, नाकातल्या नळीतून पातळ अन्न देणे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ठरल्या वेळी कूस बदलून देणे, स्मृतिभ्रंश झालेले आजोबा रात्री दोन वाजता ‘मला घरी जायचंय’ म्हणून कडी काढायला निघाले की त्यांना समजुतीने अंथरुणाकडे वळवणे, हे सगळे त्या एकट्याने, बंद दाराआड करतात. अशा बायकांची सभासद-संघटना कशी उभी करायची आणि उभी राहिल्यावर ती नीट कशी चालवायची, हा या पुस्तकाचा विषय आहे.

सभासद नोंदणी, सभेचे कामकाज, पत्रव्यवहार, हिशेब यांवरची प्रकरणे पुढे सविस्तर आली आहेत. त्यांची उजळणी इथे करत नाही. प्रस्तावनेत मला एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करायचा आहे, कारण या क्षेत्रात नेतृत्व करणारीची खरी कसोटी तिथे लागते असे माझे मत आहे. समजा, शंभर जणी जमल्या, कार्यकारिणी निवडली गेली, मागण्यांचा कागद तयार झाला. तो कागद द्यायचा कोणाला?

महाराष्ट्राने कामगार संघटना पाहिली ती गिरणीच्या गेटवर. भोंगा झाला की पाळी सुटायची, हजारो माणसे एकाच दारातून बाहेर पडायची आणि पुढारी तिथेच उभा राहून बोलायचा. मस्टरवर कामगाराचे नाव असायचे, पगाराच्या पाकिटावर गिरणीचे. घरी शुश्रूषा करणाऱ्या बाईला गेटही नाही आणि पाकीटही नाही. घरातल्यांशी बोलावे तर ते म्हणतात, ‘आम्ही पैसे ब्युरोत भरतो, तुमचं काय ते त्यांच्याशी बोला.’ ब्युरोवाले म्हणतात, ‘आम्ही फक्त काम लावून देतो, ठेवून घेणारे ते आहेत.’ ज्या हॉस्पिटलने डिस्चार्ज देताना ब्युरोचा नंबर दिला, ते तर यात कुठेच नसते. पेशंटला उचलताना बाईची कंबर धरली किंवा सुई टोचली, तर उपचाराचा खर्च कोणी करायचा हे या तिघांपैकी कोणीच ठरवलेले नसते.

कायदाही इथे हात आखडता घेतो. जुने कामगार कायदे एकत्र करून केलेली औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा तिच्यात विलीन झाला. या संहितेने ‘उद्योग’ या शब्दाची जी व्याख्या केली आहे तिच्यातून घरगुती सेवा स्पष्ट शब्दांत वगळली आहे. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, ही आपल्या राज्याच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट आहे. पण तो कायदा नोंदणीचा आणि कल्याणकारी मदतीचा आहे. वाटाघाटीसाठी समोर कोणी बसवण्याची सोय त्यात नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याची चौकट तयार करण्याचा विचार व्हावा म्हणून केंद्राला समिती नेमायला सांगितले. म्हणजे देशातल्या सर्वोच्च न्यायपीठालाही इथे पोकळी दिसते.

ही अडचण नवी नाही. १९७२ साली अहमदाबादमध्ये इला भट्ट यांनी ‘सेवा’ची ट्रेड युनियन म्हणून नोंदणी करायला घेतली तेव्हा कामगार खात्याने हाच आक्षेप काढला होता. हातगाडी ओढणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, घरी बसून गोधड्या शिवणाऱ्या बायकांना मालकच नाही, मग ही युनियन कोणाविरुद्ध? इलाबेन यांची भूमिका अशी होती की युनियन कोणाविरुद्धच असावी लागते असे नाही, कामगारांनी एकत्र यावे यासाठीही ती असते. नोंदणी झाली, आणि पुढची पन्नास वर्षे त्या भूमिकेची ताकद देशाने पाहिली. तरीही मला वाटते की शुश्रूषेच्या क्षेत्रात एवढ्यावर थांबता येत नाही. भाजीवालीला खरोखरच मालक नसतो. पेशंटच्या उशाशी बसलेल्या बाईला कामाची वेळ, जागा, पद्धत आणि मोबदला ठरवून देणारे कोणीतरी असते. ते दोघातिघांत विखुरलेले असते इतकेच. त्या विखुरलेल्यांना एका टेबलाशी आणून बसवणे हे नेतृत्वाचे काम आहे.

महाराष्ट्रात या कामाची एक थोर सुरुवात आधीच झालेली आहे. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला. आजारपणामुळे चार दिवस खाडा झाला म्हणून एका बाईचे काम गेले, त्यावरून इतर जणी उठल्या. पगारवाढ आणि आजारपणाची रजा या त्यांच्या मागण्या होत्या. वरून कोणी हाक दिलेली नव्हती. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली आणि घरकाम हेही काम आहे, त्यालाही रजा आणि दिवाळीचा बोनस असतो, ही गोष्ट शहराच्या बोलण्यात रुजली. शुश्रूषा करणाऱ्या बायकांची संघटना बांधणाऱ्या प्रत्येकीने हा इतिहास जुन्या कार्यकर्त्यांकडून ऐकावा. पण तो जसाच्या तसा गिरवता येणार नाही, हेही समजून घ्यावे. धुण्याभांड्याला जाणारी बाई एकाच सोसायटीत चार घरे करते. जिन्यात, नळावर, बसस्टॉपवर तिला तिच्यासारख्या दुसऱ्या भेटतात. एक घर सुटले तरी तीन राहतात. चोवीस तासांच्या ड्युटीवरची बाई महिनोन्महिने एका फ्लॅटमध्ये असते आणि शेजारच्या विंगमध्ये तशीच दुसरी आहे हे तिला कळतही नाही.

आणि तिचे काम संपते ते बहुतेक वेळा मृत्यूने. आठ महिने जिच्या तोंडात घास भरवला ती आजी पहाटे जाते. सकाळी नातेवाईक जमतात, दुपारपर्यंत बाईने पिशवी भरलेली असते. तिच्या दुःखाची कोणी विचारपूस करत नाही, आणि त्याच दिवशी तिची रोजीही थांबते. पुढची ड्युटी आठवड्याने लागेल की दोन महिन्यांनी, हे तिच्या हातात नसते. संघटनेचे नियम लिहिणाऱ्यांनी हा एक दिवस डोळ्यांपुढे ठेवून नियम लिहावेत अशी माझी कळकळीची विनंती आहे. वर्गणी दरमहा ठेवली आणि तीन महिने थकली की सभासदत्व रद्द, असा नियम केला, तर संघटना नेमकी गरजेच्या वेळी बाईला बाहेर काढील. वर्गणी वर्षाची असावी, हप्त्याने घ्यावी आणि दोन ड्युट्यांमधल्या रिकाम्या काळात सभासदत्व अबाधित राहावे. पेशंट गेल्यावर संघटनेतल्या कोणीतरी दोन दिवसांत त्या बाईला फोन करावा, हा नियम मी घटनेत लिहायला सांगेन.

आता ‘समोर कोण’ या प्रश्नाकडे परत येते. त्याचे जगातले सर्वांत मोठे उत्तर माझ्या माहितीत लॉस एंजेलिसच्या शुश्रूषा कामगारांनी दिले. कॅलिफोर्निया राज्यात ‘इन-होम सपोर्टिव्ह सर्व्हिसेस’ नावाची सरकारी योजना १९७० च्या दशकापासून चालते. गरीब वृद्ध, अंध आणि अपंग माणसांना संस्थेत न टाकता घरीच राहता यावे, म्हणून मदतनिसाचे पैसे सरकार देते. मदतनीस कोण असावा हे लाभार्थी निवडतो, काम तो सांगतो, नको झाल्यास काढतोही तो. तास मंजूर करते काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखे स्थानिक प्रशासन. चेक येतो राज्याकडून. या मदतनिसांमध्ये बहुसंख्य बायका, त्यातही कृष्णवर्णीय आणि परदेशांतून आलेल्या. कित्येक जणी स्वतःच्याच आईची किंवा मुलाची शुश्रूषा करणाऱ्या. १९८७ साली एसईआययू या कामगार संघटनेने त्यांच्यात काम सुरू केले तेव्हा राज्याने काउंटीकडे बोट दाखवले आणि काउंटीने लाभार्थ्याकडे. संघटना न्यायालयात गेली. काउंटी ही मालक नाही, असा निकाल लागला.

इथे बहुतेक संघटनांनी हार मानली असती किंवा नुसते मोर्चे काढत राहिल्या असत्या. लॉस एंजेलिसच्या नेतृत्वाने ठरवले की मालक सापडत नसेल तर कायद्याने मालक निर्माण करून घ्यायचा. १९९२ साली राज्यात असा कायदा झाला की प्रत्येक काउंटीला ‘पब्लिक ऑथॉरिटी’ म्हणजे सार्वजनिक प्राधिकरण स्थापन करता येईल, आणि वाटाघाटीपुरते ते प्राधिकरण मालक मानले जाईल. लॉस एंजेलिस काउंटीत ते यायला १९९७ उजाडले. फेब्रुवारी १९९९ मध्ये मतदान झाले आणि सुमारे ७४,००० शुश्रूषा कामगार एका वेळी संघटनेत आले. अमेरिकेत कित्येक दशकांत एवढी मोठी संघटनबांधणी झाली नव्हती. त्या वेळी त्यांची मजुरी तासाला ५.७५ डॉलर, म्हणजे राज्याच्या किमान वेतनाइतकीच होती. बारा वर्षे घरोघर फिरून, सभासदांची ये-जा चालू असताना, एकही करार हातात नसताना ही संघटना टिकवून ठेवली गेली. हा आकडा वाचताना ७४,००० पेक्षा त्या बारा वर्षांकडे बघावे असे मला वाटते.

या कहाणीत एक तिसरा पक्ष आहे, आणि तो नसता तर हे घडले नसते. कॅलिफोर्नियात अपंगांची स्वतंत्र जगण्याची चळवळ जोरदार होती. बर्कलीमधले तिचे पहिले केंद्र १९७२ चे. आपल्या शरीराला कोणी हात लावायचा हे आपण ठरवणार, संस्थेतला अधिकारी नाही, यासाठी ती माणसे झगडली होती. कामगार संघटना येणार म्हटल्यावर त्यांना साहजिकच भीती वाटली: उद्या करारात अडकून नको असलेला मदतनीस आपल्या घरात बसला तर? संघटनेने ही भीती खरी मानली. मदतनीस नेमण्याचा, काढण्याचा आणि काम सांगण्याचा हक्क लाभार्थ्याकडेच राहील, हे मान्य केले. प्राधिकरणाच्या नियामक किंवा सल्लागार मंडळात किमान निम्मे लोक सेवा घेणारे असतील, हेही कायद्यात आले. कामगाराच्या नोकरीची शाश्वती हा संघटनेचा जीव की प्राण. त्यातला एवढा मोठा भाग सोडून द्यायचा आणि आपल्या सभासदांना तो समजावून सांगायचा, याला फार मोठे मन आणि सभासदांशी फार घट्ट नाते लागते. पण त्यामुळे मजुरी वाढावी म्हणून व्हीलचेअरवर बसलेली माणसे आणि त्यांच्या खुर्च्या ढकलणाऱ्या बायका एकाच मागणीसाठी उभ्या राहिल्या. मदतनीस टिकावी, तिने कंटाळून काम सोडू नये, ही दोघांचीही गरज होती.

महाराष्ट्रात असा तिसरा पक्ष आहे का? मला तो आपल्या ज्येष्ठ नागरिक संघांत दिसतो. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसे १० कोटींहून अधिक होती आणि महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण जवळजवळ दहा टक्के होते. त्यानंतर ते वाढतच गेले आहे. मुले पुण्याहून बंगळुरूला, सांगलीहून अमेरिकेला गेलेली आहेत. गावोगावी, नगरांच्या उपनगरांत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. बागेतल्या बाकापासून स्वतःच्या सभागृहापर्यंत त्यांचा पसारा आहे, आणि फेस्कॉमसारखा त्यांचा राज्यव्यापी महासंघ आहे. हे संघ स्वतःच सभासदांच्या वर्गणीवर चालतात. सभा, इतिवृत्त, हिशेब, निवडणूक या गोष्टी त्यांच्या अंगवळणी पडलेल्या आहेत. बँकेत, शाळेत, सरकारी कचेरीत, कारखान्यात उमेदीची वर्षे घालवलेली ही माणसे आहेत. त्यांच्यातल्या कित्येकांनी आपापल्या कामगार किंवा शिक्षक संघटनेत काम केलेले असते. उद्या त्यांनाच या मावशीची गरज पडणार आहे, कोणाच्या घरी ती आजच येते आहे. शुश्रूषा करणाऱ्यांच्या संघटनेच्या अध्यक्षाने पहिल्या वर्षात कामगार आयुक्तांकडे एक चक्कर कमी मारली तरी चालेल, पण आपल्या भागातल्या प्रत्येक ज्येष्ठ नागरिक संघात जाऊन बोलले पाहिजे. तिथे मागणीपत्र घेऊन जाऊ नये. कामाचा करार कसा असावा याचा एक पानाचा नमुना घेऊन जावे आणि त्यावर त्यांचे म्हणणे मागावे. त्या पानावर कामाचे तास, झोपेची वेळ, आठवड्याची सुट्टी, जेवण, औषधोपचारांतले बाईने काय करायचे आणि नर्सनेच काय करायचे, पेशंट दगावल्यास किती दिवसांची रोजी, हे असावे. घरच्यांच्या तक्रारीही त्या पानावर याव्यात: न सांगता गैरहजर राहणे, पहिल्या आठवड्यातच उचल मागणे, रात्रभर मोबाइलवर असणे. या तक्रारी खोट्या नाहीत. त्या ऐकून घेणारी संघटना घरांना आपली वाटेल.

ब्युरोंचा प्रश्न अधिक अवघड आहे. बाईच्या पहिल्या महिन्याचे पैसे कापून घेणारे, दर थोड्या दिवसांनी तिला या घरातून त्या घरात हलवून दोन्हीकडून कमिशन काढणारे ब्युरो आहेत, आणि रात्री अकरा वाजता बदली बाई पाठवून घराची लाज राखणारे, बाईच्या मुलाच्या शाळेच्या फीसाठी उचल देणारेही आहेत. २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मंजूर केलेल्या घरकामगारांच्या १८९ क्रमांकाच्या करारात स्पष्ट आहे की काम लावून देणाऱ्या एजन्सीचे शुल्क कामगाराच्या वेतनातून कापले जाता कामा नये. भारताने त्या कराराच्या बाजूने मत दिले, पण अजून त्याला मान्यता दिलेली नाही. संघटनेने ही मागणी धरून ठेवलीच पाहिजे. मात्र चांगल्या ब्युरोंनीही आपली संघटना करावी यासाठी बायकांच्या संघटनेने पुढाकार घ्यावा, असे मी म्हणेन. हे ऐकून काही कार्यकर्त्यांच्या कपाळावर आठ्या पडतील. ब्रिटनकडे पाहा. तिथे घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांची होमकेअर असोसिएशन नावाची सभासद-संघटना १९८९ पासून आहे. कायदा पाळून, बाईचे किमान वेतन, प्रवासाचा वेळ, रजा, प्रशिक्षण हे सगळे धरून एका तासाच्या सेवेला किमान किती खर्च येतो, हे ती दरवर्षी बाबवार मांडून प्रसिद्ध करते. २०२४-२५ साठी इंग्लंडपुरता तो दर तासाला २८.५३ पौंड होता. नगरपालिका त्याहून कमी देतात तेव्हा तेही आकडे ती लोकांपुढे ठेवते. हे काम मालकांच्या संघटनेचे आहे, तरी त्याचा उपयोग कामगाराला होतो, कारण कमी दरात सेवा विकत घेणारा नेमके कोणाचे वेतन खातो आहे ते कागदावर दिसते. आपल्याकडे घरांनी दिलेल्या दिवसाच्या पैशातले बाईला किती, ब्युरोला किती, हे कुठेच लिहिलेले नसते. ते लिहायला लावणे ही पहिल्या तीन वर्षांतली मागणी असावी.

चोवीस तासांच्या ड्युटीबद्दल मात्र मला कोणतीही तडजोड मान्य नाही. ‘रात्री ती झोपतेच की’ असे घरातले म्हणतात. ज्याला रात्रीतून चार वेळा लघवीला न्यावे लागते त्याच्या खाटेशेजारी जमिनीवर सतरंजी टाकून पडणे म्हणजे झोप नव्हे. आंतरराष्ट्रीय करार सांगतो की बाई घराच्या हाकेला बांधलेली असते तो वेळही, देशाचा कायदा ठरवील त्या मर्यादेपर्यंत, कामाचा वेळ धरावा, आणि आठवड्यातून सलग २४ तास तिला सुट्टी मिळावी. न्यूयॉर्कमध्ये याच प्रश्नावर फार कडवट संघर्ष झाला आहे. तिथल्या नियमानुसार २४ तासांच्या पाळीचे १३ तासांचेच पैसे मिळतात. आठ तास झोपेचे आणि तीन तास जेवणाचे धरून वजा होतात, अट अशी की झोपेचे किमान पाच तास अखंड मिळायला हवेत. २०१९ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा नियम उचलून धरला. बायकांचे म्हणणे असे की पाच तासांची अखंड झोप कागदावरच मिळते. या लढ्यात काही बायका आपल्याच मोठ्या संघटनेच्या विरोधात रस्त्यावर उतरल्या, कारण तिने केलेली तडजोड त्यांना अपुरी वाटली. नेतृत्व करणारीने हे उदाहरण लक्षात ठेवावे. सरकार, एजन्सी आणि घरे या सगळ्यांशी जमवून घेता घेता सर्वांत थकलेल्या सभासदाचा आवाज कार्यकारिणीपर्यंत पोचेनासा होतो. बारा तासांच्या ड्युटीवाल्या सभेला येऊ शकतात, चोवीस तासांवाल्या येऊ शकत नाहीत. म्हणून सभेत बारा तासांवाल्यांचेच प्रश्न होतात. कार्यकारिणीत काही जागा चोवीस तासांच्या ड्युटीवाल्यांसाठी राखाव्यात, आणि त्यांची मते फोनवर आवाजी निरोपाने घेऊन सभेत ऐकवावीत. १९२६ च्या कायद्यात असंघटित क्षेत्रातल्या युनियनचे किमान निम्मे पदाधिकारी प्रत्यक्ष ते काम करणारे असावेत अशी अट होती. मी तर म्हणेन की इथे निम्म्यावर समाधान मानू नये.

बंद दाराआडच्या छळाबद्दल थोडेसे. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात राहते घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे, आणि जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. बहुतेक बायकांना हे माहीत नसते. संघटनेच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला आपल्या जिल्ह्याच्या समितीचा पत्ता छापावा. नियम, फॉर्म आणि पुढची पद्धत याच पुस्तकात पुढे दिली आहे.

राहिला पैसा. २०१४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने इलिनॉय राज्यातल्या शुश्रूषा कामगारांच्या खटल्यात निकाल दिला की ज्यांना संघटनेत यायचे नाही त्यांच्याकडून सक्तीने शुल्क घेता येणार नाही. तिथल्या संघटनांना तो मोठा धक्का होता. आपल्याकडे वर्गणी सक्तीची कधी नव्हतीच. प्रत्येक रुपया मागून, समजावून, पावती फाडून घ्यावा लागतो, आणि तसेच असावे. मागायला गेल्यावरच बाई काय म्हणते ते कळते. पण अशा तऱ्हेने जमलेल्या पैशाची जबाबदारी किती मोठी असते, हे लॉस एंजेलिसनेच दाखवले. ज्या संघटनेचे कौतुक मी वर केले तिच्याच वारसदार शाखेच्या अध्यक्षाने सभासदांच्या वर्गणीतला पैसा आपल्या मर्जीने वळवल्याचे २००८ मध्ये तिथल्या वर्तमानपत्राने उघडकीला आणले, आणि २०१३ साली तो न्यायालयात दोषी ठरून पुढे तुरुंगात गेला. तासाला मोजके डॉलर मिळवणाऱ्या बायकांचे ते पैसे होते. हे वाचून मला फार वेदना झाल्या, कारण एवढ्या कष्टाने मिळवलेला विश्वास असा जातो तेव्हा तो आपल्यापर्यंतच्या सगळ्या संघटनांतून थोडा थोडा जातो. म्हणून हिशेबाचे प्रकरण कंटाळवाणे वाटले तरी गाळू नका. खजिनदार आणि अध्यक्ष एका घरातले, एका वस्तीतले नसावेत. दर तीन महिन्यांनी जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवावा, कारण सभासदांपैकी काही जणींना वाचता येत नाही. पावतीवर रक्कम अक्षरी लिहावी. आणि अध्यक्षपदाला मुदत असावी: दोन कार्यकाळ, त्यापुढे नाही. चांगल्या अध्यक्षालाही हा नियम लागू करावा, नाहीतर नवी अध्यक्ष घडणार कधी?

शुश्रूषा करणाऱ्या आणि या पुस्तकाच्या वाचक असणाऱ्या भगिनींना माझे सांगणे एवढेच की सात जणी मिळाल्या तरी सुरुवात करा. पहिल्या बैठकीला मागण्यांवर चर्चा करू नका. कोणत्या ब्युरोकडून, कोणत्या भागात, किती तास, दिवसाला किती, हातात किती, ही माहिती प्रत्येकीकडून एका वहीत लिहून घ्या. ती वही हा तुमचा पहिला पुरावा आहे, आणि शहरात आज दुसऱ्या कोणाकडेही ती नाही.

ज्येष्ठ नागरिक संघांच्या अध्यक्षांना आणि कार्यवाहांना माझी विनंती आहे की पुढच्या मासिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर ‘घरी शुश्रूषा करणाऱ्यांच्या कामाच्या अटी’ हा विषय घ्यावा, त्या सभेला आपल्या भागातल्या दोन मावशींना त्या दिवसाची रोजी देऊन बोलवावे, आणि त्या बोलतील ते इतिवृत्तात नोंदवावे.